पत्र्याखालचे आकाश

सकाळचे पावणेअकरा वाजले होते. बोरमाळच्या पाझर तलावाच्या कामावर, माती काढणाऱ्या बायकांपासून हाकेच्या अंतरावर, मी आकाशातून खाली आले. १९७३चा एप्रिल संपत आला होता. कोणाला इजा झाली नाही. माझा एक कोपरा चेपला, एवढेच.

मित्रांनो, मी एक पेटी आहे. ॲल्युमिनियमची, चौकोनी, आतून थर्माकोलने मढवलेली. आज मी तालुक्याच्या पोलीस ठाण्यामागे पत्र्याच्या खोलीत एका मोडक्या सायकलीला टेकून पडले आहे. माझ्या कडीला सुतळीने एक पुठ्ठा बांधला आहे. त्यावर 'मुद्देमाल' असे लिहिले आहे. वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की हळव्या होतात. मला ते जमणार नाही. मला राग आला आहे. पण रागाच्या भरात माणसे मागचे पुढे करतात, तसे मी करणार नाही. जे घडले ते घडले त्या क्रमाने सांगते.

मला मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत जोडले. माझ्या पोटात एक डबा बसवायचा होता, त्या डब्याच्या मापाने मला बेतले. डब्यात काचा होत्या. काचांवर चांदीच्या क्षाराचा जाड लेप होता. तारे फुटतात तेव्हा त्यांच्यातून अतिसूक्ष्म कण उधळतात आणि लाखो वर्षे धावत आपल्यापर्यंत येतात. त्यांना विश्वकिरण म्हणतात. आपली हवा त्यांना वाटेतच अडवते, म्हणून जमिनीवर बसून ते मूळ रूपात सापडत नाहीत. हवेच्या वर गेले तर सापडतात. असा कण काचेच्या लेपातून आरपार गेला की मागे एक बारीक रेघ राहते. ती रेघ पाहून कण कसला होता, किती जड होता, हे सांगता येते. कोठून आला, हे मात्र अजून कोणालाच नीट सांगता आलेले नाही. तेच शोधायला मला पाठवायचे होते.

डबा भरला विजयमालाने. ती मूळची सोनईची. नगरला शिकली आणि पुढे मुंबईला गेली. अंधाऱ्या खोलीत, मिणमिणत्या लाल दिव्याखाली, बोटांनी चाचपत तिने एकेक काच ठेवली, डबा झाळून बंद केला आणि काळ्या कापडात गुंडाळला. मग माझ्या झाकणावर हात ठेवून म्हणाली, "उजेड नको आणि ऊन नको. एवढं सांभाळ बाई."

मी काय सांभाळणार? पेटीला सांभाळणारे लागते. उजेड लागला तर काचा एका क्षणात वाया जातात. ऊन लागले तर लेप हळूहळू काळवंडतो, रेघा पुसट होत जातात आणि शेवटी काही उरत नाही. मित्रांनो, पुढचे सगळे या दोन गोष्टींवर अवलंबून आहे.

दक्षिणेकडच्या एका माळावरून रात्री मला सोडले. वर प्रचंड फुगा, त्याखाली गुंडाळलेले पॅराशूट, त्याखाली मी. पहाटेपर्यंत मी अशा उंचीवर होते की दिवस उजाडला तरी माथ्यावरचे आभाळ काळेच राहिले. खाली जमीन कडेला वाकलेली दिसत होती. पश्चिमेला समुद्राची चकाकती कड होती. तिच्या अलीकडे घाट, आणि घाटाच्या अलीकडे मैलच्या मैल भाजलेली, तांबूस, कोरडी जमीन. इतके पाणी आणि इतकी कोरड एकाच नजरेत मावत होती. आणि माझ्या पोटातून ताऱ्यांची राख सरसर जात होती, मला न कळता, न दुखता.

सूर्य उगवला की खालून इशारा द्यायचा आणि दोर तोडायचा, असे ठरले होते. इशारा दिला, दोर तुटला नाही. वारा उलट्या दिशेचा निघाला. शेवटी माझ्यात बसवलेल्या घड्याळाने ठरलेली वेळ भरताच दोर कापला, तेव्हा मी ठरलेल्या जागेपासून फार दूर, नगर जिल्ह्यावर होते. माझ्या अंगावर सूचना छापली होती: पेटी उघडू नये, सावलीत ठेवावी, जवळच्या ठाण्याला कळवावे. ती इंग्रजीत होती, तेलुगूत होती, कन्नडमध्ये होती. मराठीत नव्हती. वारा मराठी मुलखात जाणार नाही, असे कोणीतरी टेबलाशी बसून ठरवले होते. माझा पहिला राग त्या टेबलावर आहे.

खाली भागूबाईच्या टोळीचे काम चालू होते. दुष्काळी कामावर मातीचे माप कसे घेतात ते आधी सांगते. खड्डा खणताना मधोमध मातीचा एक खुंट न खणता तसाच सोडतात. खुंटाचा माथा म्हणजे जमिनीची मूळ पातळी. मोजणीवाला येतो, खुंटाच्या उंचीवरून किती माती निघाली ते ठरवतो. तोवर त्या खुंटाला कोणी पाटीचा धक्कासुद्धा लावत नाही. खुंट ढासळला तर केलेले काम न केल्यासारखे होते. भागूबाई टोळीची पुढारीण होती आणि खुंटाच्या बाबतीत फार कडक होती. तिच्या खड्ड्यात खुंटाभोवती काटेरी फांदी ठेवलेली असे.

"आगं बया! इमानातनं काय टाकलं बग!" छबूबाई ओरडली. ती भागूबाईची जोडीदारीण, तोंडाने फटकळ.

भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे पॅराशूट ढेकळांवर पसरले आणि मी त्यात गुरफटून पडले. पाट्या टाकून बायका धावल्या.

"सुकडी आसंल," एक जण म्हणाली.

मित्रांनो, हसू नका. सुकडी म्हणजे कामावरच्या माणसांना वाटतात ते गोड पिठाचे खाणे. पुरात अडकलेल्यांना विमानातून अन्न टाकतात, हे त्यांनी रेडिओवर ऐकले होते. पुरातल्यांना टाकतात तर दुष्काळातल्यांना का टाकणार नाहीत? विचारात काही चूक नव्हती. चूक एवढीच की तसे कोणी केले नव्हते.

"सरकारला आता रस्त्यानं येयाची बी लाज वाटाया लागली," छबूबाई म्हणाली. "वरच्या वर फेकून पळालं."

पहिला हात भागूबाईचा लागला. तिने तो झटकन मागे घेतला.

"आई गं! गारठलंय की!"

मी बर्फाळ थरातून आले होते. माझ्या पत्र्याला हिमाची पांढरी साय धरली होती आणि वितळून तिचे थेंब ओघळत होते. त्या उन्हात, त्या वर्षी, त्या माळावर. एकीने दोन्ही तळवे टेकवले. दुसरीने कपाळ टेकवले. एका म्हातारीने गाल लावला आणि डोळे मिटून घेतले. "ए आक्का, सरका की, आमालाबी गार होऊ द्या," असे म्हणत ढकलाढकली सुरू झाली. एवढ्या बायका माझ्याभोवती हसत होत्या. माझ्या आयुष्यातला तेवढाच वेळ मला राग नव्हता.

टिकावाच्या टोकाने त्यांनी माझे झाकण उचकटले. आत बॅटऱ्या, तारा, आणि काळ्या कापडातला डबा. भागूबाईने डबा उचलून कानाशी हलवला.

"सुकडी वाजती. ह्ये वाजत न्हाई."

"घट बसली आसंल. बाजूला हो, एका घावात फोडते," म्हणत छबूबाईने टिकाव उचलला.

त्या घावाने सगळे संपले असते.

"थांब," भागूबाई म्हणाली. "मोजणीचा खुंट आपुन फोडतो का?"

"त्येचा हितं काय संबंद?"

"झाळून बंद केलंय. काळ्या कापडात गुंडाळलंय. गार घालून धाडलंय. म्हंजी ह्येचा कुनीतरी मोजणारा हाय. त्यो येऊन बघंस्तवर जसंच्या तसं ऱ्हाऊ दे."

"आन् आत लाडू आसले तर?"

"तर त्यो येऊन वाटंल."

"सरकार आन् लाडू वाटंल!" छबूबाई म्हणाली. सगळ्या हसल्या, पण टिकाव खाली आला.

मग भागूबाईने मला उचलायला लावले. खड्ड्याच्या भिंतीची सावली होती तिथे मला ठेवले, झाकण बसवले आणि वर गोणपाट टाकले. "गार आलंय, गारच ठिवलं पायजे. दुदाचं काय करतो आपुन?" असे म्हणून तिने आपल्या कळशीतले पाणी गोणपाटावर ओतले. पाण्याची गाडी दुपारनंतर यायची. कळशीत जे होते ते पिण्याचे होते. छबूबाई बडबडत राहिली, "लाडवाला न्हाऊ घालतीया," पण तिनेही आपल्या तांब्यातले अर्धे पाणी ओतले. बाकीच्यांनी आपापले घोटभर ओतले. मित्रांनो, मी समुद्र पाहून आले होते. पण पाणी म्हणजे काय ते मला त्या खड्ड्यात कळले.

एवढ्यात मुकादम काकासाहेब सायकलवरून आला. त्याला सगळे अहो-जाहो करतात. मी करणार नाही.

"लांब व्हा! सरकारी माल हाय. विंग्रजीत लिवलंय."

"मंग वाचा की मोठ्यानं," छबूबाई म्हणाली. "आमालाबी कळंल."

"तुला कळाय लागलं तर मुकादम कशाला पायजे?"

पेटीकडे त्याचे लक्ष फार वेळ राहिले नाही. तो पॅराशूटचे कापड बोटांत चोळत होता. हलके, चिवट, पाणी न धरणारे, आणि एका अख्ख्या अंगणावर पसरेल एवढे मोठे. अक्षय तृतीयेला त्याच्या मुलीचे लग्न होते. त्याने दोन गड्यांना हाक मारली, कापडाची घडी घालून कामावरच्या बैलगाडीत टाकली आणि वर कडबा पसरला.

"कापड ठाण्यात जमा करतो," तो म्हणाला.

गाडी निघाली. भागूबाई खड्ड्याच्या काठावर उभी होती.

"काकासाहेब, ठाणं त्या अंगाला न्हाई. तिकडं तुमची वस्ती हाय."

तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब होता.

"तू माती काढ, भागे," तो म्हणाला.

तिने पाहिले होते आणि पाहिले हे बोलूनही दाखवले होते. म्हणून तो त्याच दुपारी ठाण्यात गेला आणि त्याने आधी फिर्याद दिली: बोरमाळच्या कामावर विमानातून सरकारी माल पडला, भागूबाईच्या टोळीने तो फोडला, कापड लांबवले, पेटी खड्ड्यात दडवली.

उन्हे कलताना जमादार आले. पेटी खड्ड्यात होती. गोणपाटाखाली होती. झाकण उचकटलेले होते. जे जे भागूबाईने मला वाचवण्यासाठी केले होते, ते सगळे तिच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभे राहिले.

"कापड कुठंय?" जमादारांनी विचारले.

"काकासायबाच्या वस्तीवर," छबूबाई म्हणाली. "गाडीत घालून नेलं. आमी समद्यांनी बगितलं."

काकासाहेब हसला. "बघा सायेब. चोराच्या उलट्या बोंबा."

"वस्ती लांब न्हाई सायेब," भागूबाई म्हणाली. "चला की, दावते."

जमादार गेले नाहीत. मित्रांनो, हे वाक्य पुन्हा वाचा. वस्ती समोर दिसत होती, चार बाभळींच्या पलीकडे. जमादार गेले नाहीत. फिर्याद देणाऱ्याच्या घराची झडती कोणी घेत नाही, असे ते म्हणाले.

मला आणि भागूबाईला एकाच गाडीत घातले. वाटेत ती माझ्या झाकणावर हात ठेवून बसली होती. ठाण्यात उतरताना ती एवढेच म्हणाली, "सायेब, ह्येला गारव्याला ठेवा. उन्हात नासंल."

"मुद्देमालाला पंखा लावू का?" जमादार म्हणाले आणि मला पत्र्याच्या खोलीत ढकलून कुलूप लावले. तिला रात्री सोडले, आणि परवा कोर्टात हजर राहा असे बजावले. माझ्या डब्यावर लाखेचे सील केले. कामाच्या हजेरीतून दुसऱ्या दिवशी तिचे नाव निघाले.

माझ्या अंगावरची सूचना वाचून ठाण्याने प्रयोगशाळेला कळवले होते; त्या दुसऱ्या दिवशी विजयमाला आली. जीपमध्ये बर्फाची पेटी घेऊन, रात्रभर प्रवास करून. तिने खिडकीच्या गजांतून मला पाहिले. सील पाहिले. डबा फुटलेला नाही हे पाहिले आणि तिचा श्वास मोकळा झाला. मग तिने पत्र्याला हात लावला.

"जमादार, ही खोली दुपारी किती तापते?"

"भाकरी शेकते म्हणा ना."

"मला पेटी आत्ता द्या. हवी तर सही घ्या, शिक्का घ्या. आमचीच आहे ती."

"तुमची आहे हे मी कुठं नाकारतो? पण गुन्हा दाखल झालाय, बाई. कापड सापडलेलं नाही. माल सगळा एकाच गुन्ह्यातला, अर्धा देता येत नाही. कोर्टाचा हुकूम आणा."

"कोर्ट कधी?"

"उद्या. उन्हाळ्याच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस."

जमादार वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला चहा दिला, आणि मग सल्लाही दिला. त्या सल्ल्यासाठी मी त्यांना माफ करणार नाही.

"सोपा मार्ग सांगतो. त्या बाईला सांगा, उद्या गुन्हा कबूल कर. पहिलाच गुन्हा, बाईमाणूस, कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा होईल. किरकोळ दंड झाला तर तुम्ही भरा. खटला निकाली, माल मोकळा. उद्या संध्याकाळी तुम्ही मुंबईच्या वाटेला. नाही कबूल केलं, तर तारीख सुट्टीनंतरची. जून."

"जूनपर्यंत आत काही उरणार नाही."

"मग सांगा तिला."

भागूबाई ठाण्याच्या आवारातल्या लिंबाखाली बसली होती. नाव कापल्यावर कामावर जायचे नव्हते, म्हणून ती तिथेच येऊन बसली होती. छबूबाईही त्या दिवशीचे काम बुडवून सोबत आली होती. विजयमाला भागूबाईजवळ जाऊन खाली मातीत बसली. खिडकी जवळच होती. मला सगळे ऐकू आले.

"मावशी, डबा तुम्ही फोडू दिला नाहीत. तुमचे उपकार आहेत."

"काय हाय त्येच्यात? कालधरनं इचारतेय, कुनी सांगंना."

विजयमालाने सांगितले. तारे कसे फुटतात, कण कसे येतात, काचेत रेघ कशी राहते.

"माणूस चंद्रावर जाऊन आला म्हणं," छबूबाई मध्येच म्हणाली. "तिथं पाणी हाय का?"

"नाही."

"मंग कशाला गेल्ता?"

विजयमाला हसली. भागूबाई हसली नाही. ती विचार करत होती.

"म्हंजी कुनी तरी जाऊन गेलं, त्येचं माप त्या काचंत ऱ्हायलंय," ती म्हणाली. "आन् ते उन्हानं पुसतंय."

"हो."

"मंग आता बाहेर काडा की."

तेव्हा विजयमालाने ते विचारले. खाली मान घालून, बोटाने मातीत रेघा ओढत, पण विचारले. जमादारांचा सल्ला तिने शब्दाशब्दाने सांगितला. शेवटी म्हणाली, "दंड मी भरीन. तुम्हाला कोठडीत राहावं लागणार नाही. एकदा फक्त हो म्हणायचं."

भागूबाईने मातीतल्या त्या रेघांकडे पाहिले.

"तुमचं गाव कंचं, बाई?" भागूबाईने विचारले.

"सोनई."

"मंग तुमाला सांगाय नको. एकदा हो म्हनलं की कोर्ट उठंल, तुमी मुंबैला जाल. मी बोरमाळलाच ऱ्हाणार. पाण्यावर गेले तरी, लग्नात जेवाय बसले तरी, ती बगा चोरटी. माझी पोर उजवायची हाय. तिला कोन म्हनंल, हिच्या आईनं ताऱ्यांच्या रेघा वाचवल्या?" तिचा आवाज चढला नाही. "मी तुमचं जसंच्या तसं ठिवलं. पिण्याचं पाणी घालून ठिवलं. आता तुमच्या रेघांपायी मी चोर व्हू? आन् ज्यानं नेलं त्यो मांडव घालणार?"

"मी चुकले," विजयमाला म्हणाली. "पुन्हा विचारणार नाही."

"इचारलं ते बरं केलं. दुसऱ्याच्या तोंडनं ऐकून जास्ती लागलं आसतं," भागूबाई म्हणाली, आणि पदराने तोंड पुसले.

दुसऱ्या दिवशी मला कोर्टात नेले. मी टेबलावर होते, सगळ्यांना दिसेल अशी. भागूबाई समोर उभी होती. मागे बाकावर काकासाहेब पांढऱ्या टोपीत बसला होता. त्याला त्या कापडाची घडी घालताना मी पाहिले होते. गाडीवर कडबा पसरताना पाहिले होते. ताऱ्यांनी काय केले ते माझ्या पोटात लिहिलेले आहे, ते वाचायला लोक रात्रभर जीप हाकत येतात. आणि चार बाभळींपलीकडे काय झाले, ते विचारायला कोणी पुढे येत नाही.

विजयमालाने अर्ज दिला. काचा तापल्या तर प्रयोग वाया जाईल, असे उभे राहून सांगितले. ही बाई चोर नाही, तिच्यामुळेच डबा शाबूत आहे, असेही सांगितले. सरकारी वकील म्हणाले, कापड सापडेपर्यंत मुद्देमाल सोडू नये. न्यायाधीशांसमोर त्या दिवशी कागदांचा ढीग होता आणि सगळ्यांना सुट्टीआधी निकाल हवा होता. त्यांनी भागूबाईकडे पाहिले.

"गुन्हा कबूल आहे?"

तिने माझ्याकडे पाहिले. मग विजयमालाकडे. विजयमालाने सावकाश मान हलवली. नाही म्हणा, अशी.

"न्हाई," भागूबाई म्हणाली. "मी चोरी केली न्हाई. ज्यानं केली त्यो मागं बसलाय. आन् त्या पेटीला तेवडं सावलीत ठेवा."

"पुढची तारीख सुट्टीनंतर. अर्जाची सुनावणीही तेव्हाच," न्यायाधीश म्हणाले. मला परत पत्र्याखाली आणले.

विजयमालाने जीपमधला सगळा बर्फ माझ्याभोवती रचला. जमादारांनी हरकत घेतली नाही. बर्फ संध्याकाळपर्यंत टिकला. ती मुंबईला गेली. तेव्हापासून ती वरच्या कोर्टाकडे खेटे घालते आहे, असे जमादार कोणाला तरी सांगताना मी ऐकले.

अक्षय तृतीयेला काकासाहेबाच्या मुलीचे लग्न झाले. ही बातमी मला छबूबाईकडून कळली. ती बाजाराला आली की खिडकीशी थांबते आणि ठाण्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलते.

"मांडव काय झकास हुता! भगवं-पांढरं, मऊसूत, आरपार उजेड! सायबांनी बगितला आसंल की. जेवाय आल्ते, न्हाई का हो सायेब?"

जमादारांनी कान खाजवला. मित्रांनो, ज्या कापडासाठी मी इथे भाजते आहे, त्याच्या सावलीत बसून ते जिलबी खाऊन आले. कापड अजून 'सापडलेले नाही'.

भागूबाई दर बाजाराच्या दिवशी येते. आता तिला लांबच्या कामावर, खडी फोडायला, पायी जावे लागते. ती पहिल्यांदा ओले गोणपाट घेऊन आली तेव्हा जमादार म्हणाले, मुद्देमालाला हात लावता येणार नाही. ती म्हणाली, "लावत न्हाई." तिने ते गोणपाट बाहेरून खिडकीच्या गजांना बांधले. वारा आला की त्यातून गार होऊन आत येतो. गोणपाट वाळेपर्यंत मला बरे वाटते.

जुन्या वस्तू शेवटी मुलांना सांगतात, आम्हांला जपा. मी तसे सांगणार नाही. मला ज्यांनी जपले त्यांना चोर म्हटले गेले. म्हणून माझे मागणे वेगळे आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी शास्त्रज्ञ होईल, कोणी जमादार, कोणी न्यायाधीश. आकाशातून काही पडले, तर ते कोणी फोडले एवढेच विचारू नका. कोणी झाकून ठेवले, तेही विचारा. आणि चार बाभळींच्या पलीकडे जाऊन या. तेवढे अंतर काहीच नाही. मी त्याहून फार लांबून आले.

आजची स्थिती अशी आहे. मे संपत आला आहे. कोर्ट उघडलेले नाही. डब्यावरचे सील शाबूत आहे. आतल्या रेघांपैकी किती उरल्या, हे विजयमालाला ठाऊक नाही, जमादारांना ठाऊक नाही, मलाही ठाऊक नाही. आज बाजाराचा दिवस आहे. दुपार झाली आहे, पत्रा तडतडतो आहे. खिडकीवरचे मागच्या बाजाराचे गोणपाट खडखडीत वाळले आहे. भागूबाई अजून आलेली नाही.